अर्ध्या सुराने उतरलेलं गाव

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (शब्दशः घेऊ नकोस. मी आडवा पडलेला दिसलो की घरातली माणसं हातातलं टाकून धावत येतात, त्यामुळे हल्ली थोरामोठ्यांना मी उभ्यानेच नमस्कार करतो.) इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे बऱ्याच दिवसांत कोणी कुठे कोसळलेलं नाही. तुझा गुडघा, तुझं मांजर आणि तुझा स्वभाव हे तिन्ही पूर्वीसारखेच असतील असं धरून चालतो. त्यातलं काही सुधारलं असेल तर अवश्य कळव. माझी बायको, जिला तू इतक्या वर्षांनंतरही 'नवी सून' म्हणतेस, तुला नमस्कार सांगते.

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर तिकीट होतं म्हणून त्याला पत्र म्हणायचं, एरवी ते समन्सच होतं. तुझ्या म्हणण्याचा सारांश असा, की गेल्या काही महिन्यांत तुला दोनदा 'जरा चक्कर' आली. त्या चकरेला तुमच्याकडच्या मेंदूच्या डॉक्टरांनी सरळ फिट म्हटलं (या वयात नव्याने सुरू होऊ शकते म्हणे, त्यावर तू त्या डॉक्टरांनाच त्यांचं वय विचारलंस, हेही तूच लिहिलं आहेस). त्यांनी एक गोळी लिहून दिली. ती आणून तू फळीवर ठेवली आहेस आणि पाकीट अजून फोडलेलं नाही, कारण त्या गोळ्यांनी माणूस मठ्ठ होतो असं तुझ्या शेजारणीने तुला सांगितलं. (शेजारणीने कोणतीही गोळी घेतलेली नाही, तेव्हा तिच्या मठ्ठपणाचं काय कारण असावं?) आता या खात्यातला जुना माणूस म्हणून मी तुला फायदे एका बाजूला आणि दुष्परिणाम एका बाजूला असे लिहून पाठवायचे, पाल्हाळ लावायचं नाही, मग तू निर्णय घेणार. शेवटी तंबी दिली आहेस की सकाळचं पोहणं काही झालं तरी चालूच राहील आणि मी तो विषय काढायचा नाही.

नाही काढत. जन्मभर तलावावर पोरांना पोहायला शिकवून निवृत्त झालेली, सत्तरी गाठलेली, नोकरीतली किल्ली अजून परत न केलेली, गाव जागं व्हायच्या आत रिकाम्या तलावात एकटीच उतरणारी, आणि हल्ली मधूनच शुद्ध हरपणारी बाई. यात विषय काढण्यासारखं आहेच काय? आपण गोळ्यांबद्दलच बोलू.

तुझ्या आज्ञेप्रमाणे कागद घेतला, मधोमध रेघ मारली, डाव्या बाजूला 'फायदे' लिहून त्याखाली 'फिट येत नाही' असं लिहिलं आणि पेन हातात धरून बसून राहिलो. दुसरं काही सुचेना. उजवी बाजू मात्र बघता बघता खालपर्यंत भरली, मग कागद उलटा करावा लागला, मग पाल्हाळ लागलं. तेव्हा तो कागद फाडला आणि हे पत्र लिहायला घेतलं. तू लाल पेन घेऊन बसलेली असशीलच.

माझ्या लहानपणीच्या फिटा तू स्वतः पाहिल्या आहेस, आई गेल्यावर तूच मला वाढवलंस, तेव्हा त्यांचं वर्णन नको. त्या काळी त्या वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी येत आणि चारचौघांत लाज आणून जात. चाळिशीनंतर मात्र त्यांनी आपल्या घरी मुक्कामच ठोकला. एकदा मी एका वकिलांच्या दिवाणखान्यात त्यांचा पियानो लावत होतो (तू अजूनही लोकांना मी 'पेट्या दुरुस्त करतो' असं सांगतेस असं कळलं, मी पियानो सुरात लावतो, तो धंदा वेगळा आहे), तिथेच मला फिट आली. वकीलबाई मनाने फार चांगल्या. त्यांनी कुठेतरी ऐकल्याप्रमाणे माझ्या दातांत चांदीचा चमचा घातला. फिट तिची ती आली तशी गेली, पण जाताना समोरचा अर्धा दात घेऊन गेली. तोंडात काही घालायचं नसतं, माणसाला कुशीवर वळवून नुसतं शेजारी बसायचं असतं, हे मी शुद्धीवर आल्यावर बाईंना सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि चमचा सहाच्या संचातला होता असं सांगितलं. त्या दिवसापासून माझ्या गोळ्या सुरू झाल्या.

पहिली गोळी प्रेमळ होती. तिच्यामुळे मला भूक लागायची. जेवण झालं की लागायची, जेवताना लागायची, दुसऱ्याच्या घरी काम करत असताना त्यांच्या स्वयंपाकघरातल्या वासावरून आज काय शिजतंय ते मी नावासकट सांगायचो. केस गळाले, ते सगळे उशीवर सापडायचे. हात थरथरायला लागला, आणि तारा पिळायची किल्ली थरथरत्या हाताने फिरवणं म्हणजे काय ते तुला कसं सांगू? आणि पोट असं सुटलं, की ज्या मोठ्या पियानोच्या खाली मी पूर्वी सहज सरपटत जायचो, त्याच्याच खाली एका शाळेत अडकून बसलो. मुख्याध्यापकांनी एक पाय धरला आणि शिपायाने दुसरा. फिटा कमी झाल्या होत्या, हे खरं आहे. पण पियानोखालून पायाला धरून ओढल्या जाणाऱ्या माणसाला ते पटकन आठवत नाही.

दुसऱ्या गोळीने फिटा जवळजवळ थांबल्या, हात स्थिर झाला, भूक माणसासारखी झाली आणि मी राक्षस झालो. कोणाचंही काहीही ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जायची. एका गिऱ्हाइकाशी मी त्याच्या पडद्यांच्या रंगावरून भांडलो. मेहुण्याशी भांडलो (यात गोळीचा दोष किती हे सांगणं कठीण आहे). एका संध्याकाळी बंद न होणाऱ्या कपाटाशी मी असा बोललो की तुझी सून शेजारच्या खोलीतून कोण आलंय ते बघायला आली. काहीजणांना त्या गोळीने असं होतं, आणि झालं तर ते डॉक्टरांना लगेच सांगायचं असतं. मी सांगितलं नाही. त्याऐवजी मी अक्कल चालवली आणि कोणालाही न विचारता एका सकाळी गोळी घेणंच बंद केलं. आठवडाभर माझ्यासारखा गोड माणूस शोधून सापडला नसता. मग एका दुकानाच्या जिन्यावर लागोपाठ तीन फिटा आल्या, खांद्याचं हाड मोडलं आणि मी दवाखान्यात जागा झालो. हा प्रयोग करून झालेला आहे, तो तू पुन्हा करून बघायची गरज नाही. गोळी बदलायची असेल, कमी करायची असेल, तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हळूहळू.

मग आली तिसरी. तिच्या खोक्यात एक घडी घातलेला कागद होता. तो उलगडला तेव्हा जेवणाचं टेबल झाकलं गेलं. माझ्या मेहुण्याला जाहीर वाचनाची हौस आहे. त्याने तो कागद सगळ्यांसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्या कागदाप्रमाणे मला झोप फार येऊ शकत होती किंवा अजिबात न येऊ शकत होती. पुरळ उठू शकत होतं (उठलं तर गोळी घेत न बसता थेट डॉक्टर गाठायचा, ही एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेऊ नकोस). रक्तातलं मीठ उतरू शकत होतं, तोल जाऊ शकत होता, एकाचे दोन दिसू शकत होते. मेहुणा प्रत्येक ओळीनंतर थांबून माझ्याकडे आशेने बघायचा. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "भावजी, यापेक्षा फिटा काय वाईट होत्या?" तो त्या दिवशी उपाशी घरी गेला, आणि या वेळी राग गोळीचा नव्हता.

सुरुवातीचे काही आठवडे मी झिंगलेल्या माणसासारखा चाललो. (घ्यायची नाही आणि झोकांड्या मात्र खायच्या, एवढा तोट्याचा व्यवहार मी आयुष्यात केला नव्हता.) एकाचे दोन दिसत. दोन बायका दिसायच्या आणि दोघींचं माझ्याबद्दलचं मत एकच असायचं. डॉक्टरांकडे बाहेरच्या बाकावर झोप लागून माझा नंबर निघून गेला. मग डॉक्टरांनी मात्रा थोडी कमी केली, पुन्हा हळूहळू वाढवली, रक्त तपासलं, मीठ जागेवर होतं. आणि एक दिवस सगळं थांबलं. झोकांड्या थांबल्या, दोनाचे एक झाले आणि फिटाही थांबल्या. पार थांबल्या. मी मठ्ठही झालो नाही. म्हणजे होतो त्याहून अधिक झालो नाही, असं तुझी सून म्हणते.

सगळं इतकं उत्तम चाललेलं असताना गाव उतरलं.

नीट सांगतो. तुला माहीत आहे की माझा कान जन्मजात पक्का आहे. कुठलाही आवाज ऐकला की तो कोणता सूर आहे ते मला विचार न करता कळतं, जसा तुला बघताक्षणी रंग कळतो. या धंद्यातले बाकीचे लोक आपल्यासोबत एक फोर्क बाळगतात, म्हणजे दोन बोटांचा लोखंडी चिमटा. तो गुडघ्यावर आपटला की एकच ठरलेला सूर देतो, त्यावरून पियानोचा पहिला सूर लावायचा आणि बाकीचे त्याच्यावरून. माझाही फोर्क आहे, पण तो मी पाकिटं फोडायला वापरायचो. फोर्क हा ज्यांना कान नाहीत त्यांच्यासाठी असतो, असं मी धंद्यातल्या बऱ्याच जणांना तोंडावर सांगितलेलं आहे. त्यांनी ते विसरलेलं नाही, हे पुढे कळलंच.

तर तिसरी गोळी अंगवळणी पडल्यावर मी पहिल्याच कामाला गेलो आणि बघतो तो पियानो बरोबर अर्ध्या सुराने उतरलेला. सगळा. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत. म्हटलं, हवा दमट असेल. दुसऱ्या घरी गेलो, तिथेही अर्धाच सूर. संगीतशाळेतले पियानो, हॉटेलातला, सभागृहातला, सगळे एकजात अर्ध्या सुराने खाली. एखाद्या विचारी माणसाने या ठिकाणी थांबून म्हटलं असतं, की गावातली सगळी वाद्यं एकाच आठवड्यात एकाच मापाने बिघडतात, तर गडबड वाद्यांत नसावी. मी मात्र धंदा वाढला म्हणून खूश झालो आणि एकेक पियानो अर्ध्या सुराने वर चढवत गावभर फिरलो. तारा तुटत होत्या. जुन्या पियानोंच्या तर बंदुकीसारखा आवाज करून तुटत होत्या. मी मालकांना म्हणायचो की तारांचा दर्जा पूर्वीचा राहिलेला नाही.

घरातही तेच. तुझ्या सुनेचा आवाज घोगरा वाटायला लागला. मी तिला म्हटलं, घसा बसलाय तुझा. ती म्हणाली, नाही. मी म्हटलं, तुला काय कळतंय, कान कोणाचा आहे? आणि त्या गरीब बाईने माझ्या समाधानासाठी दोन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. मेहुण्यालाही करायला लावल्या. दाराची घंटा उतरली होती, ती मी काढून बदलून आणली, तर नवीही उतरलेली. तू फोन केलास तेव्हा निवृत्त पहिलवान बोलतोय असं वाटलं, पण तुला गुळण्या करायला सांगायची माझी छाती झाली नाही. शेवटी मी तो पाकिटं फोडायचा फोर्क काढून आपटून पाहिला, आणि तोसुद्धा अर्ध्या सुराने खाली! फोर्क लोखंडाचा असतो, आत्या. तो उतरत नाही. मी नवीन आणला, तोही खाली. मी दुकानदाराला कडक पत्र लिहिलं की तुमचा सगळा माल सदोष आहे. त्याने उलट टपाली लिहिलं की या धंद्यात तीन पिढ्या गेल्या, पण बिघडलेल्या फोर्कची तक्रार पहिलीच आहे, सबब हे पत्र काचेत लावून ठेवण्याची परवानगी असावी.

या सगळ्यात खऱ्या पोळल्या त्या संगीतशाळेतल्या गाण्याच्या बाई. त्यांच्या वरच्या पट्टीतल्या गाण्याचं गावभर नाव आहे. मी शाळेतले पियानो चढवून गेल्यापासून त्यांना त्यांच्याच गाण्यातल्या शेवटच्या सुरापर्यंत पोहोचता येईना. बिचाऱ्या बाईंनी थंड पाणी सोडलं, चहा सोडला, घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी घसा उत्तम आहे म्हटल्यावर तर त्या आणखी खचल्या. वयच झालं असं धरून त्यांनी राजीनामा लिहून ठेवला. मला रस्त्यात भेटल्या तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना गुळण्या सुचवल्या.

स्फोट झाला तो सभागृहात, शाळेच्या कार्यक्रमात. मुलींचं समूहगान, साथीला मी लावलेला पियानो आणि बाहेरगावचा एक बासरीवाला. बासरी काही पिळून चढवता येत नाही. ती जिथे आहे तिथेच वाजते. पहिल्या ओळीलाच पियानो एकीकडे आणि बासरी दुसरीकडे अशी चिरफाड सुरू झाली, की पुढच्या रांगेतली माणसं खुर्चीत मागे सरकली. मुली पियानोच्या मागे जीव तोडून वर चढत होत्या, त्यांच्या मानेच्या शिरा मला मागच्या रांगेतून दिसत होत्या. आणि मग तुझा भाचा भर सभेत उभा राहिला आणि बासरीवाल्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ती बासरी उतरलीय! थांबवा ते!" बासरीवाल्याने शांतपणे बासरी खाली ठेवली आणि खिशातून फोर्क काढला. गावातले माझे दोन व्यवसायबंधू तिसऱ्या रांगेत होते, त्यांनीही काढले. तिघांनी एकदम आपटले. तिन्ही फोर्क आणि बासरी एका सुरात होते, आणि मी आणि माझा पियानो दुसऱ्याच गावात.

डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी डोक्याला हात लावला नाही, उलट त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, ही गोळी घेणाऱ्या एखाद्यालाच असं होतं, सगळे आवाज साधारण अर्ध्या सुराने खाली ऐकू येतात. बहुतेकांना कळतही नाही, कारण त्यांचा कान तुमच्यासारखा नसतो. मी नुसतं वाचलं होतं, म्हणाले, बघायला आज मिळालं. मग त्यांनी शेजारच्या खोलीतून आणखी दोन डॉक्टरांना बोलावलं आणि माझ्याकडून पेला, टेबल आणि एका डॉक्टरांची शिट्टी यांचे सूर ओळखून घेतले. मला नाटक कंपनीत असल्यासारखं वाटलं. तुझी सून कोपऱ्यात बसून होती. तिने फक्त एवढंच विचारलं की म्हणजे आता गुळण्या बंद केल्या तर चालतील ना.

आता फोर्क वापरतो. फोर्कही उतरलेला ऐकू येतो आणि पियानोही तेवढाच, त्यामुळे दोघांचं जमतं आणि काम बिनचूक होतं. गावभर पुन्हा हिंडून सगळे पियानो फुकट उतरवून दिले. गाण्याच्या बाईंनी राजीनामा फाडला, चहा सुरू केला आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. तेव्हा धंदा बुडाला म्हणून रडतोय असं समजू नकोस. पण आत्या, कान गेला तो गेलाच. सकाळी खिडकीत जो पक्षी इतकी वर्षं एकाच सुरात ओरडायचा, तो आता परका वाटतो. आई जे गाणं म्हणायची ते मी मनात म्हणतो तेव्हा जागेवर असतं आणि तोंडाने म्हटलं की खाली घसरतं. आपल्याच घरात कोणीतरी सगळं सामान चार बोटं सरकवून ठेवावं तसं होतं. मला याचं फार वाईट वाटतं. हे मी तुझ्या सुनेला सांगितलेलं नाही.

राहिली डावी बाजू. फायद्याची अडचण ही आहे की तो दिसत नाही. दुष्परिणाम दार वाजवून येतात, जेवायला बसतात, चारचौघांत बोलायला लावतात. फायदा म्हणजे काहीच न होणं, आणि न झालेल्या गोष्टींचं वर्णन कसं करायचं? मी चुलीवर पडलो नाही. मी रस्ता ओलांडताना पडलो नाही. वकीलबाईंचे उरलेले पाच चमचे अजून सरळ आहेत. हे काय लिहायचं? तरी एक सांगतो. आमच्या न्हाणीघराला आतून कडी नव्हती, ती तुझ्या सुनेने लग्नानंतर काढून टाकली होती. मी आत असलो की ती बाहेर काहीतरी निवडत बसायची आणि मधूनमधून मला हाक मारून काहीतरी फालतू विचारायची, आणि मी ओ दिली की गप्प व्हायची. मला वाटायचं बाई चौकस आहे. परवा मी आत होतो आणि हाक आली नाही. बाहेर येऊन बघतो तर ती भरदुपारी, दार लावून, गाढ झोपली होती. आमच्या संसारात मी तिला दुपारी झोपलेली प्रथमच पाहिली. घोरत होती. कोणत्या सुरात ते विचारू नकोस, मला आता नक्की सांगता येत नाही.

तरीसुद्धा माझा कान मला हवा आहे. मंगळवारी डॉक्टरांकडे जाऊन मी ठणकावून सांगणार आहे की ही गोळी बदला. आणि तुला माझा सल्ला विचारशील तर तुझं तू बघ. गोळी न घेण्याचेही फायदे आहेत. पैसे वाचतात, शेजारीण खूश राहते, फळीवरचं पाकीट खराब होत नाही. माणूस मठ्ठ होण्याचा धोका तर अजिबात उरत नाही, कारण त्यासाठी माणूस शिल्लक असावा लागतो. तू लहान नाहीस. मी सांगणारा कोण?

मांजराला आशीर्वाद, शेजारणीला नमस्कार, गुडघ्याची काळजी घे.

तुझा,
पेट्या दुरुस्त करणारा भाचा

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं आणि मंगळवार होऊन गेला. डॉक्टरांना म्हटलं, गोळी बदला. वाद घालायची पूर्ण तयारी करून गेलो होतो, तर ते लगेच म्हणाले, बदलू की, दुसरी आहे, कान बहुधा परत येईल. बदलताना एखादी फिट यायची थोडी शक्यता असते, तेवढी काळजी घ्यायची. तुझी सून शेजारच्या खुर्चीत होती. ती पिशवीचा बंद उघडत आणि लावत राहिली. तिने हो म्हटलं असतं, माझ्यासाठी ती कशालाही हो म्हणते. मी म्हटलं, नको, हीच राहू द्या. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. तेव्हा वर मी जे काय ठणकावलं आहे ते सोडून दे. परत येताना तिने मला भरपूर खायला घातलं आणि कारण सांगितलं नाही.

ता. ता. क. आता खरं काम. तुमच्या तलावावरच्या जीवरक्षकाचा मला फोन आला होता, तुझं पत्र यायच्या आधीच. तुझाच जुना विद्यार्थी. फोनवर रडत होता. म्हणाला, त्या दिवशी तो चुकून लवकर आला म्हणून, नाहीतर. तुला तळाशी पाहिल्याबरोबर त्याने सूर मारला आणि तुला काठावर आणलं, आणि तू शुद्धीवर आल्यावर पाणी ओकता ओकता त्याला सांगितलंस की मी श्वास रोखायचा सराव करत होते, आणि सूर मारताना तुझे पाय अजूनही फाकतात. मग कोणाला सांगणार नाही अशी त्याच्याकडून शपथ घेतलीस. दुसरी 'चक्कर' कुठे आली हे तू मला लिहिलं नाहीस. वरचं अख्खं पत्र मी हे पोटात ठेवूनच लिहिलं आहे. त्याच्यावर रागावू नकोस.

पाकीट आज फोड. पहिले दिवस झोकांड्या जातील, जाऊ देत. पुरळ आलं किंवा कपाटाशी भांडायला लागलीस तर डॉक्टरांना सांग, ते बदलून देतील, त्यांच्याकडे बऱ्याच आहेत. आणि ते हो म्हणेपर्यंत पाण्यात पाय घालायचा नाही.

ता. ता. ता. क. तू नाही म्हणणार हे धरून मी शनिवारी येतो आहे. तू गावातल्या प्रत्येक पोराला पोहायला शिकवलंस, एका मला सोडून. मी काठावर बसून भोकाड पसरायचो आणि तू म्हणायचीस, फिट येणाऱ्याने पाण्यात उतरायचं नाही, हा माझा नियम आहे, आणि तो तुझ्यासाठी मोडायला तू मला नकोसा झालेला नाहीस. म्हणून मला आजही पोहता येत नाही. शनिवारी पाकीट फोडलेलं नसलं तर तू उतर, मी काठावर बसेन. तू खाली गेलीस तर मी उडी मारणार, हे तू ओळखून आहेस. जीवरक्षकाला मी लवकर बोलावलं आहे, पण तो एकटाच आहे. आपल्या दोघांतलं आधी कोणाला बाहेर काढायचं, ते तू त्याला सांगून ठेव.